झावळीची मुशी

“गावाला दिलेलं डुक्कर गेलं असं म्हणू नये, ते कुंपणाला लागलं असं म्हणावं.”

हे पेनितोआ म्हणायचा, आणि म्हणताना जमिनीत खुंट ठोकल्यासारखी मूठ खाली आणायचा. सातापुना गावातल्या बायका त्याची नक्कल करत. कुणाची कोंबडी पाद्र्याच्या ताटात गेली की दुसरी म्हणे, “रडू नकोस गं, कुंपणाला लागली,” आणि केवड्याच्या पानांच्या चटया विणता विणता सगळ्या हसत. पेनितोआही हसायचा. त्याचा त्या वाक्यावर विश्वास होता, आणि ज्याचा विश्वास असतो त्याला नकलेचं काही वाटत नाही.

गावकीने मागितलं की तो द्यायचा. चर्चच्या छपराला, परगावच्या पाहुण्यांच्या जेवणाला, कुणा मानकऱ्याच्या मयताला. बाकीचे लोक द्यायची वेळ आली की डुकरांवरून नजर फिरवून मधलं निवडत. पेनितोआ सगळ्यांत जाड असेल त्याच्या पायाला दोरी बांधायचा. त्याची बायको फुआतिनो घराच्या खांबाला टेकून बघत राहायची.

“तेच का? ते लंगडं चाललं असतं की.”

“लंगड्या दांड्यांचं कुंपण करतं का कुणी?”

“कुंपण, कुंपण! अरे, कुंपणाच्या आत काय उरलंय ते बघ एकदा. मी आणि ही चटई.”

“मग? तुझीच राखण चाललीय.”

“माझी? मला कोण नेतंय या वयात. नेलं तर दुसऱ्या दिवशी आणून सोडतील.”

हा विश्वास त्याला बापाकडून आलेला नव्हता. बाप देताना कुरकुरायचा. तो आला एका होडीमुळे. पेनितोआ लहान असताना एका सकाळी बापाची होडी किनाऱ्यावरून नाहीशी झाली. एका खोडातून कोरलेली, बाजूला तरंगता दांडा बांधलेली साधी होडी. पण बापाने ती स्वतः कोरली होती आणि त्या घरात मासा यायचा तो तिच्यातूनच. बापाला कसला किताब नव्हता, बैठकीत जागा नव्हती. तो वाळूवर बसला आणि रिकाम्या जागेकडे बघत राहिला. मेलेल्याजवळ बसतात तसा.

तेव्हाच्या लेमानाने शंख फुंकायला लावला. लेमाना हा गावातला सगळ्यांत थोरला किताब; बाप गेला की त्याच घरातल्या कुणावर तरी चढवला जातो. गावातले जवान काळ्या लाव्ह्याचा माळ ओलांडून पलीकडच्या गावात गेले आणि होडी खांद्यावर घालून घेऊन आले. दुसऱ्या दिवशी पलीकडच्या गावचे मानकरी आले. पेनितोआच्या बापाच्या घरासमोर, भर उन्हात, डोक्यावर मौल्यवान चटई पांघरून ते मान खाली घालून बसले. माफी अशीच मागायची असते. समोरच्याने येऊन चटई उचलेपर्यंत उठायचं नाही. बाप घाबरला. इतक्या मोठ्या लोकांच्या डोक्यावरची चटई उचलायची कशी, हेच त्याला कळेना. शेवटी म्हाताऱ्या लेमानाने त्याचा हात धरून त्याला पुढे नेलं. म्हणाला, “उचल. होडी तुझी असली तरी अब्रू गावाची आहे.”

बापाने त्या संध्याकाळी घरातली एकुलती एक डुकरीण गावकीला दिली, आणि त्या एका वेळी तो कुरकुरला नाही.

पेनितोआच्या मनात ते बसून गेलं. पुढे आयुष्यभर तो त्याभोवती विचार विणत राहिला. माणसाचं स्वतःचं म्हणजे मुठीत मावतं तेवढंच. आणि मूठ तर झोपेत उघडते. बाकी सगळं, होडी, झाड, घराखालचा दगडी चौथरा, ते आपलं असतं ते चार लोक आपलं मानतात म्हणून. हे मानणं फुकट मिळत नाही. त्याला रोज काहीतरी घालावं लागतं, चुलीत घालतात तसं.

हे तो कुणाला इतकं लांबवून सांगायचा नाही. डुकराचं वाक्य सांगायचा आणि मूठ खाली आणायचा.

त्याची जमीन गावाच्या वर, जुना लाव्हा संपून जंगल सुरू होतं तिथे. ज्या घरात तो राहायचा ते घराण्याचं, चौथऱ्यासकट. पण वरची जमीन त्याची. जंगल तोडून जो दगड बाजूला करतो त्याची ती जमीन, आणि जोवर त्याचा कोयता तिथे चालतो तोवर त्याचीच. हा नियम कुणी लिहिलेला नाही आणि सगळ्यांना पाठ आहे. पेनितोआने तिथे पहारीने लाव्हा फोडला. दगडांच्या मधे मातीचा जिथे जिथे ओंजळभर खळगा सापडला तिथे कोकोचं रोप लावलं. जिथे माती नव्हती तिथे फुआतिनोने खालून टोपल्यांनी वाहिली. ती अजून म्हणते, “ती झाडं मातीत नाहीत, माझ्या मानेत लावलीयत.” झाडं मोठी झाली. खोडांना चिकटून पिवळी, लाल बोंडं लटकू लागली, गळवासारखी; एखाद्या झाडावर इतकी की बघून अंगावर काटा यावा. बिया भाजून कुटल्या की वास खाली चर्चपर्यंत जायचा आणि लोक वाटी घेऊन यायचे. पेनितोआ भरून द्यायचा. तेही कुंपणालाच.

त्या दोघांच्या मुली लग्न होऊन दुसऱ्या बेटावर गेल्या होत्या. आपल्यामागे आपलं म्हणून काय राहील असं पेनितोआच्या मनात यायचं, तेव्हा उत्तर एकच असायचं: वरची राई.

आता जो लेमाना होता तो त्या म्हाताऱ्याचा मुलगा. किताब चढण्याआधी तो नुसता सिआओसी होता, आणि पेनितोआचा सोआ होता. सोआ म्हणजे गोंदणातला जोडीदार. कमरेपासून गुडघ्यापर्यंत अंग गोंदून घ्यायचं तर एकट्याने घेत नाहीत. वेदना दोघांत वाटायची असते. मानकऱ्याच्या मुलासाठी एक दणकट, साधा पोरगा शोधतात, आणि तो पेनितोआ होता. सिआओसीच्या कमरेवर दातेरी हाड ठोकलं जात असताना पेनितोआने त्याचं डोकं मांडीवर धरलं. सिआओसी त्याच्या मनगटाला चावला. तो व्रण कधी गेला नाही. त्या दिवसांत गोंदणाऱ्याचा हात थांबला की दोघं समुद्रात कमरेएवढ्या पाण्यात उभे राहून एकमेकांच्या जखमा चोळायचे आणि सिआओसी रडता रडता म्हणायचा, “सोआ, हे सोडून पळून गेलो तर?” पेनितोआ म्हणायचा, “अर्धं गोंदून पळालास तर लोक लुंगी उचलून बघतील.” मग सिआओसी हसायचा, आणि हसल्यावर त्याला जास्त दुखायचं.

लेमाना झाल्यावरही खासगीत तो त्याला सोआच म्हणायचा. एकदोनदा म्हणाला, “घराण्यातला एखादा लहान किताब घे. बैठकीत माझ्याजवळ बस.” पेनितोआ म्हणाला, “मी बसलो तर तुमची चूल कोण पेटवणार?” त्याला खरंच चुलीशी बरं वाटायचं. बैठकीच्या सोमवारी तो पहाटेच दगड तापवायचा. त्यावर निरफणस, अळकुड्या, डुक्कर. वर केळीची पानं. मग पानांवर मांडून बैठकीच्या घरात न्यायचं. घराला भिंती नाहीत, नुसते खांब. प्रत्येक खांब कुणा ना कुणा किताबाचा, आणि तो मानकरी त्याला पाठ लावून बसतो. पेनितोआ मागच्या, डोंगराकडच्या बाजूने शिरायचा. बसलेल्यांपुढून जायचं तर वाकून, हात गुडघ्यापर्यंत सोडून, हलक्या आवाजात ‘तुलोऊ’ म्हणत जायचं. माफ करा, तुमच्यापुढून जातोय. पेनितोआ इतका वाकायचा की फुआतिनो म्हणायची, तू म्हातारपणी कुबडा होणार नाहीस, तुझं कुबड आत्ताच वापरून संपतंय.

मनासे हा त्याचा चुलतभाऊ. ऑकलंडला कारखान्यात राबून तो परत आला तो डोक्यात एक किडा घेऊन. पेनितोआच्या दगडी चुलीपाशी बसून नारळ किसता किसता तो बोलायचा.

“दादा, तिकडे सरकार पगारातून कापतं. इकडे गाव ताटातून कापतं. फरक एवढाच की तिकडे कापणारा अनोळखी असतो, त्याला शिवी देता येते.”

“तिकडे तुझ्या घरात चोर शिरला तर पोलीस येतो ना?”

“येतो. चोर घरी जाऊन झोपल्यावर.”

“इकडे आपले लोक लगेच येतात.”

“येतात रे. पण मी कधी सांगितलं, या म्हणून? माझं डुक्कर मीच राखतो. चोरानं नेलं तर मीच रडतो. मला तुमची राखणही नको आणि तुमची वर्गणीही नको. सोडा मला.”

“असं एकट्याला सोडता येत नाही, मनासे. तुझ्या घराभोवती कुंपण नाही ठेवलं तर भोक सगळ्या गावाला पडतं.”

“हे बरंय! म्हणजे भोक पडेल म्हणून मी द्यायचं. आणि उद्या कुंपणच शेत खायला लागलं तर दाद मागायची कुणाकडे? कुंपणाकडे?”

पेनितोआ हसला होता. “तुझ्या तोंडाला नारळ लाव, बडबड कमी होईल.”

मनासेने वर्गणी थांबवली. गावकीने दोनदा निरोप पाठवला. तिसऱ्यांदा निरोप गेला नाही, माणसं गेली. कुटुंबासकट गावाबाहेर, आणि डुकरं गावाची. माणसांत पेनितोआ होता. त्याला कुणी नको म्हणालं असतं तर तो गेला नसता. पण कुणी म्हणालं नाही, आणि आपण गेलो तर निदान भांडी फुटणार नाहीत, असं त्याने स्वतःला सांगितलं. भांडी फुटली नाहीत. मनासेचं कपाट त्याने स्वतः पाठीवर घेऊन बसपर्यंत नेलं. मनासेची बायको रडत होती. मनासे रडत नव्हता.

“सांभाळून, दादा,” तो म्हणाला. “आरसा आहे आत. तोंड दिसेल.”

डुकरं त्याच दुपारी भाजली. डुक्कर कापताना कुठला भाग कुणाचा हे ठरलेलं असतं: पाठीचं मऊ मांस लेमानाचं, डोकं चुलीवरच्या बिनकिताबी पुरुषांचं. पेनितोआने आपला वाटा खाल्ला. मांस चांगलं होतं. ही गोष्ट त्याला नंतर बराच काळ आठवली नाही.

मग राईत चोऱ्या होऊ लागल्या. आधी बांधाकडची एकदोन झाडं रिकामी दिसली. मग मधली. बोंडं फोडून, बिया काढून, साली तिथेच टाकलेल्या. पेनितोआ दिवसा राखायला बसला तर चोरी व्हायची नाही. खाली उतरला की व्हायची. फुआतिनो म्हणाली, “तुझ्या येण्याजाण्यावर नजर ठेवणारा कुणी जवळचाच आहे.”

“पलीकडच्या गावाचे असतील.”

“हो, तिथून लाव्हा तुडवत येतात आणि तू लघवीला गेलास की झाडावर चढतात. हुशार आहेत.”

तो गावकीकडे गेला. आयुष्यात पहिल्यांदा तो काही न्यायला नाही, मागायला गेला. वाकून आत शिरला, मागच्या खांबाशी बसला आणि सांगितलं. सगळे गंभीरपणे ऐकत होते. तोफाए, लेमानाच्या वतीने बैठकीत बोलणारा मानकरी, खांद्यावर चवरी टाकून म्हणाला की पेनितोआने गावाचं कधी काही अडवलेलं नाही. आता गावाने त्याचं राखावं. पेनितोआला बाप आठवला. होडी आठवली. ऊन, चटईखालची ती माणसं.

राईवर मनाई घालायला लेमाना स्वतः वर चढून आला. हा मोठाच मान. किताबाचा माणूस इतका डोंगर चढत नाही. धापा टाकत तो एका दगडावर बसला आणि नारळाची हिरवी झावळी मांडीवर घेऊन त्याने स्वतःच्या हातांनी मुशी विणली, शार्क मासा. लांब अंग, शेपूट, पात्यांचे दात. चोराने मनाई मोडली तर समुद्रात अशीच मुशी त्याला फाडते. पूर्वी लोक हे खरं मानत. आता लोक चर्चला जातात आणि तरी झावळीच्या मुशीखालून जात नाहीत.

वाटेच्या तोंडावरच्या झाडाला ती टांगून लेमाना म्हणाला, “आता मी उठवेपर्यंत इथे कुणी पाऊल टाकायचं नाही.”

“बरं झालं.”

“तूसुद्धा नाही, सोआ.”

पेनितोआने वर बघितलं.

“मालकच आत-बाहेर करायला लागला तर लोक म्हणतील, ही मुशी पाळलेली आहे. थोडे दिवस. चोराची सवय मोडू दे.”

तिथे ते दोघंच होते. वाऱ्याने मुशी हलली. पेनितोआने मान डोलावली. त्याला ते पटलं. त्याच्या सगळ्या विचारात ते बसत होतं. जी भिंत आपल्यालाही अडवते तीच खरी भिंत.

चोऱ्या थांबल्या. बोंडं पिकली आणि झाडावरच काळी पडली. फुआतिनो म्हणाली, “चोर थोडी नेत होता. ही मनाई सगळीच नेतेय.” पेनितोआ रोज सकाळी वर जायचा आणि मुशीच्या अलीकडे उभा राहायचा. आत तण वाढत होतं. मग वेल आला. तो वेल इथे सगळ्यांना माहीत आहे. रात्री झोपताना फांदीवर असतो, सकाळी शेंड्यावर. पेनितोआच्या हातात कोयता असायचा. तो हातातच राहायचा.

“आत जा आणि तोड,” फुआतिनो म्हणायची. “कोण बघतंय?”

“मी.”

“अरे देवा. लेमानाला विचार तरी.”

“विचारलं. म्हणाला, आणखी थोडं.”

दुसरा हंगाम आला. झावळी वाळून तपकिरी झाली, दात गळाले. पेनितोआला वाटलं, आता आपोआपच उठेल. पण एका सकाळी तो वर गेला तर तिथे नवी मुशी होती, हिरवीगार, ओल्या पात्यांची. त्याला आनंद झाला. घरी येऊन त्याने फुआतिनोला सांगितलं, “आठवण आहे त्याला. नवी बांधलीय.” फुआतिनो विणत होती. तिचे हात थांबले आणि मग पुन्हा चालू लागले. ती बोलली नाही याचंच त्याला नवल वाटलं.

गावाबाहेर काढलेल्या माणसाला गावात पाय ठेवता येत नाही, पण बस गावातूनच जाते आणि बसमधल्या माणसाला कुणी उतरवत नाही. त्यामुळे मनासे कधीमधी दिसायचा. खिडकीच्या चौकटीत, मांडीवर कुणाचं तरी पोर किंवा पोतं घेऊन. त्या दिवशी बस पेनितोआच्या घरासमोर थांबली, एक बाई बोचकं घेऊन उतरत होती. मनासेने डोकं बाहेर काढलं.

“दादा! तुझा कोको विकायला दिसत नाही हल्ली.”

“मनाई आहे.”

“तुझ्याच राईत तुला?” मनासे इतका मोठ्याने हसला की बसमधले सगळे वळले. मग त्याचं हसू उतरलं. “ऐक. लेमानाचा पोरगा परत येतोय ऑकलंडहून. माझ्या मेव्हण्याला विचारत होता, डोंगरावर वाट काढायला यंत्र कुठे मिळेल. समुद्र घर खातोय म्हणे, वर बांधायचंय. कोयता घे आणि आजच्या आज आत जा. कोयता चालला नाही की जमीन कुणाची होते ते तुला मी सांगायला हवं?”

“लेमाना माझा सोआ आहे.”

“आणि मी तुझा भाऊ होतो,” मनासे म्हणाला. बस सुटली.

पेनितोआ त्या दिवशी वर गेला. मुशीसमोर उभा राहिला. एक पाऊल. एवढंच होतं ते. पण ते पाऊल टाकलं असतं तर बापाच्या होडीपासूनचं सगळं पुन्हा मांडावं लागलं असतं, आणि ते मांडायला आता आयुष्य उरलं नव्हतं. तो परत आला. फुआतिनो म्हणाली, “शहरातल्या कोर्टात जा.” तो म्हणाला, “गावाविरुद्ध?” आणि तिने त्याच्याकडे असं पाहिलं की त्याला मान वळवावी लागली.

लेमानाचा मुलगा आला. चार दिवसांनी तो दोन माणसांना घेऊन वर गेला, मुशीखालून, आणि झाडांना दोऱ्या बांधून माप घेऊ लागला. फुआतिनोने ते पाहिलं आणि ती डोंगरावरून धावत खाली आली. त्या वयात, त्या मानेने. पेनितोआ तसाच उठला आणि लेमानाच्या घरी गेला. लेमाना जेवत होता. त्याने बस म्हटलं, पंखा हलवणाऱ्या मुलीला जायला सांगितलं.

“मुलगा आत गेलाय,” पेनितोआ म्हणाला. “मनाई आहे ना?”

लेमानाने घास संपवला. समुद्राकडे बघत म्हणाला, “मागच्या वादळात पाणी माझ्या बापाच्या थडग्यापर्यंत आलं होतं. पाहिलंस ना तू? किताबाचं घर वाहून गेलं तर गावाचं काय राहिलं?”

“घर बांधायला दुसरी जागा नाही?”

“सोमवारी बोलू. बैठकीत.” मग त्याने पेनितोआच्या मनगटावर, त्या व्रणावर, हलकेच बोट ठेवलं. “मी आहे ना, सोआ.”

त्या शब्दांवर पेनितोआ रविवारभर जगला. चर्चमध्ये गायला. फुआतिनोला म्हणाला, “तो बोलेल. तो आणि मीच होतो तिथे. तोच बोलेल.”

सोमवारी पहाटे त्याने दगड तापवले. आपलं सगळ्यांत जाड डुक्कर त्याने आदल्या दिवशीच दिलेलं होतं. पाठीचं मांस काढून केळीच्या पानावर मांडलं, मागच्या बाजूने शिरला, वाकला, तुलोऊ म्हणत म्हणत लेमानाच्या खांबापर्यंत गेला आणि पान त्याच्यासमोर ठेवलं. लेमानाने वर पाहिलं नाही. पेनितोआ मागे जाऊन बसला.

आवाचं, मुळं कुटून केलेल्या पेयाचं, पात्र मधे होतं. पेला फिरला. मग तोफाए काठीवर रेलून बोलू लागला. त्याने आधी सगळ्या किताबांची नावं घेतली, गावाची, डोंगराची, झऱ्याची. फार सुंदर बोलला. मग म्हणाला, “लाव्ह्याच्या वरच्या बाजूला एक जागा आहे. दोन हंगाम तिथे कोयता चाललेला नाही. वेलाने झाडं झाकलीयत, वाट बुजलीय. जिथे कोयता चालत नाही ते जंगल. आणि जंगल गावाचं. हा नियम आज केलेला नाही. गावकी ती जागा लेमानाच्या घराला देते.”

एक म्हातारा मानकरी खोकला. “अरे, पण मनाई आपणच घातली होती ना तिथे?”

“मनाई फळ तोडण्याची होती,” तोफाए म्हणाला. “तण काढू नका असं कोण म्हणालं होतं?”

समुद्राचा आवाज घरातून आरपार गेला. पेनितोआने लेमानाकडे पाहिलं. एवढंच हवं होतं, एक वाक्य. मी म्हणालो होतो. लेमानाच्या हातात आवाचा रिकामा पेला होता. करवंटीच्या आत काहीतरी कोरलेलं असावं तसा तो तिच्यात बघत होता. पेनितोआ थांबला. तो बराच वेळ थांबला, कारण ज्या माणसाचं डोकं आपल्या मांडीवर होतं तो माणूस असा किती वेळ बघत राहील याचा त्याला अंदाज येत नव्हता.

शेवटी लेमाना बोलला. सोआ म्हणाला नाही.

“पेनितोआने आम्हाला एक शिकवलंय. सगळं गाव त्याचं ते बोलणं जाणतं. गावाला दिलेलं जात नाही, कुंपणाला लागतं.” तो किंचित हसला, मायेने. “ही जागाही कुंपणाला लागली असं तो समजेल. त्याच्याएवढं हे कुणाला कळणार?”

दोघंतिघं हसले. ते हसू वाईट नव्हतं. बायका हसत तसंच होतं.

पेनितोआच्या तोंडात मांसाची चव आली. मनासेच्या डुकराची, मऊ, बरोबर भाजलेल्या डोक्याची. इतकी स्पष्ट, की त्याने गालाच्या आत जीभ फिरवली. म्हणजे कुंपणाला ही चव तेव्हाच लागली होती. त्या दिवशी ते आत शिरलं आणि चरायला लागलं, आणि आपण त्याच्याबरोबर बसून चरत होतो. होडी खरीच परत आली होती. चटईखालची माणसंही खरी होती. ते खोटं नव्हतं, आणि म्हणूनच आता त्याला धरायला काही सापडेना.

“बोल, पेनितोआ,” तोफाए म्हणाला. “मनात ठेवू नकोस. गावकी ऐकतेय.”

पेनितोआ उठला. मागच्या बाजूला दोन पावलांवर डोंगराकडची वाट होती, ज्या वाटेने तो आयुष्यभर आला आणि गेला. तो तिकडे वळला नाही. तो पुढे निघाला, मानकऱ्यांच्या रांगांच्या मधून, आवाच्या पात्राला वळसा घालून, लेमानाच्या गुडघ्यासमोरून, जिथे ते मांस थंड होत होतं. तो वाकला नाही. त्याचे हात गुडघ्यापर्यंत गेले नाहीत. कुणीतरी श्वास आत ओढला. बसलेल्या सगळ्यांची डोकी त्याच्या कमरेखाली होती, आणि ती तशीच खाली राहिली, जणू एखाद्याने त्यांच्यावर चटई पांघरली असावी. प्रत्येकजण त्या एका शब्दाची वाट बघत होता. म्हातारी माणसं मरताना उशाशी बसलेल्यांनाही जो शब्द म्हणतात तो. तो शब्द आला नाही. समुद्राकडच्या दोन खांबांच्या मधून, ताठ, पेनितोआ उन्हात उतरला.